वहीतला एक वेगळा आकडा: खोडायचा की जपायचा?

बीपीची किंवा शुगरची वही लिहून आणणारे पेशंट मला मनापासून आवडतात. "बीपी तसं नॉर्मलच असतं, डॉक्टर" या वाक्यापेक्षा वहीतले सात आकडे मला कितीतरी जास्त सांगून जातात. पण वही टेबलावर ठेवली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "सरासरी किती आली, डॉक्टर?" सरासरी चांगली आली की पेशंट खूश, वाईट आली की चेहरा उतरतो. आणि खरं सांगायचं तर गर्दीच्या ओपीडीत आम्ही डॉक्टरही पुष्कळदा तेवढाच एक आकडा बघून गोळी वाढवतो किंवा कमी करतो.

आज मला या सवयीविरुद्ध लिहायचं आहे. त्यासाठी शाळेत नववी-दहावीला शिकलेलं थोडं गणित लागेल, पण घाबरू नका. बेरीज आणि भागाकार येत असला तरी पुरे. माझ्याकडे आलेल्या दोन वह्या आपण उघडून बघू. दोन्हींत सात-सात आकडे आहेत, दोन्हींत एकच आकडा बाकीच्यांपासून फटकून आहे. अशा आकड्याला संख्याशास्त्रात 'आउटलायर' म्हणतात. गणित दोन्हीकडे सारखंच आहे, पण निर्णय मात्र अगदी उलटे घ्यावे लागले.

पहिली वही: बीपीची

काका ६८ वर्षांचे. बीपीची एक गोळी बरीच वर्षं चालू. मी त्यांना आठवडाभर घरी बीपी मोजून लिहायला सांगितलं होतं. त्यांनी रोज सकाळी एक रीडिंग घेतलं. (खरं तर जास्त घ्यायला हवीत, त्याबद्दल शेवटी सांगतो.) वरच्या बीपीचे आकडे असे होते:

१२८, १३२, १२६, १३०, १३४, १२८, १८८

मोबाईलवर पटकन बेरीज केली: ९६६. भागिले ७, म्हणजे सरासरी १३८. दवाखान्यात मोजलेलं १४०/९० आणि घरी मोजलेलं १३५/८५ हे साधारण एकाच पायरीवरचे मानले जातात. म्हणजे घरच्या मोजणीत वरचं बीपी १३५ च्या पुढे गेलं, तर ते नियंत्रणात नाही असं धरतात. काका १३८. मी दुसरी गोळी लिहायला पेन उचललंही होतं.

तेवढ्यात नजर पुन्हा वहीवर गेली. सातपैकी सहा दिवस काका १३५ च्या खालीच होते. मग १३८ हा आकडा आला कुठून? तो तर एकाही दिवशी नव्हता! १३४ च्या पुढे थेट १८८. मधल्या रिकाम्या जागेत सरासरी जाऊन बसली होती.

तेच सात आकडे, चार प्रकारे

आता हे आकडे चढत्या क्रमाने लावू:

१२६, १२८, १२८, १३०, १३२, १३४, १८८

मध्य, म्हणजेच सरासरी: १३८. सगळ्यांची बेरीज भागिले संख्या. यात प्रत्येक आकड्याला बोलायचा हक्क असतो, आणि जो आकडा जास्त लांब असतो तो जास्त मोठ्याने बोलतो.

मध्यक: १३०. रांगेत बरोबर मधोमध उभा असलेला. सात आकडे असतील तर चौथा. मध्यक फक्त रांगेतली जागा बघतो. १८८ च्या जागी २८८ असता तरी मध्यक १३०च राहिला असता. सरासरी मात्र १३८ वरून १५२ च्या पुढे गेली असती.

बहुलक: १२८. सगळ्यांत जास्त वेळा आलेला आकडा. इतक्या थोड्या रीडिंगमध्ये त्याचा फारसा उपयोग नाही, पण शाळेत शिकलो म्हणून सांगून टाकतो.

विस्तार: १८८ वजा १२६, म्हणजे ६२. सगळ्यांत मोठा वजा सगळ्यांत लहान.

आता शेवटचा १८८ बाजूला ठेवून बघा. उरलेल्या सहांची बेरीज ७७८, सरासरी १३० ला जेमतेम कमी. विस्तार फक्त ८. म्हणजे एका आकड्याने सरासरी आठाने वर ढकलली आणि विस्तार ८ चा ६२ केला. मध्यक सहा आकड्यांमध्ये १२९ आणि सातमध्ये १३०. तो जेमतेम जागचा हलला.

आकडे किती विखुरलेले आहेत हे सांगणारं आणखी एक माप असतं, प्रमाण विचलन. डॉक्टरी रिपोर्टांत आणि संशोधनांत हे सारखं भेटतं, म्हणून एकदा हाताने काढून बघू. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते लिहायचं: वजा १०, वजा ६, वजा १२, वजा ८, वजा ४, वजा १०, आणि शेवटचा अधिक ५०. प्रत्येकाचा वर्ग करायचा: १००, ३६, १४४, ६४, १६, १००, २५००. बेरीज २९६०. तिला संख्येपेक्षा एक कमी म्हणजे ६ ने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर येतं सुमारे २२. आता हेच सहा आकड्यांवर करा. उत्तर येतं सुमारे ३.

बघा, २९६० पैकी २५०० एकट्या १८८ ने आणले. "काकांचं बीपी रोज ३ पॉइंट इकडेतिकडे होतं" आणि "काकांचं बीपी रोज २२ पॉइंट इकडेतिकडे होतं" ही दोन वेगळ्या माणसांची वर्णनं वाटतात. आहेत मात्र एकाच काकांची, आणि फरक आहे एका सकाळचा.

आउटलायर ओळखायचा कसा?

इथे तर डोळ्यांनाच दिसतो. पण नेहमी असं होत नाही, म्हणून एक सोपी रीत सांगतो. ती जॉन ट्यूकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाची.

रांगेच्या खालच्या अर्ध्या भागाचा मधला आकडा घ्या: १२८. वरच्या अर्ध्याचा मधला घ्या: १३४. हे झाले पहिला आणि तिसरा चतुर्थक. दोघांमधलं अंतर ६. त्याची दीडपट ९. आता वरच्या चतुर्थकात ९ मिळवा: १४३. खालच्यातून ९ वजा करा: ११९. या कुंपणाच्या आत जे आहेत ते घरातले. बाहेर जो आहे त्याची चौकशी करायची. १८८ चांगलाच बाहेर आहे.

काही जण दुसरा नियम वापरतात: सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपेक्षा जास्त लांब असेल तर तो आउटलायर. ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण काकांच्या वहीवर लावून बघा. १८८ हा १३८ पासून ५० लांब. ५० भागिले २२, म्हणजे सव्वादोनच्या आसपास. नियम म्हणतो, सगळं ठीक आहे!

असं का झालं? कारण ते २२ त्या १८८ नेच फुगवलेलं होतं. चोराला पकडायला जी फूटपट्टी घेतली ती चोरानेच ताणून ठेवली होती. गंमत म्हणजे हे फक्त काकांच्या बाबतीत झालं असं नाही. दहा किंवा त्याहून कमी आकडे असतील, तर या पद्धतीने कुठलाही आकडा, अगदी बीपी चुकून १८८० लिहिलं तरीही, तीन प्रमाण विचलनांच्या पलीकडे जाऊच शकत नाही. हे गणितानेच ठरलेलं आहे. आठवड्याच्या वहीसाठी हा नियम निरुपयोगी आहे. ट्यूकींच्या रीतीत मात्र रांगेतल्या जागा मोजतात, त्यामुळे एका टोकाच्या आकड्याने तिचं कुंपण सहसा हलत नाही.

पण कुठलीही रीत वापरा, ती एवढंच सांगते की या आकड्याकडे बघा. तो खोटा आहे असं ती सांगत नाही. तिथे गणित थांबतं आणि माणसाला विचारावं लागतं.

म्हणून मी काकांना विचारलं, "रविवारी काय झालं होतं?"

काका हसले. "अहो डॉक्टर, रविवारी पाणी गेलं होतं. खालच्या टाकीवरून दोन बादल्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढलो. दारातच नातू म्हणाला, आजोबा आज मशीन लावायचं राहिलं. मग तसाच बसलो आणि लावलं."

बस्स. उत्तर मिळालं. जिने चढून आल्या आल्या घेतलेलं बीपी हे विश्रांतीचं बीपी नाही. आपण जे मोजायला निघालो होतो ते हे नव्हेच. मी दुसरी गोळी लिहिली नाही, नीट बसून आणखी एक आठवडा मोजायला सांगितलं. पुढच्या वहीत सगळे आकडे १३५ च्या आतच होते.

तुम्ही म्हणाल, एक गोळी जास्त गेली असती तर काय बिघडलं असतं? अडुसष्टाव्या वर्षी गरज नसताना बीपी आणखी खाली आणलं, तर रात्री बाथरूमला उठताना चक्कर येऊ शकते. माणूस पडतो. खुब्याचं हाड मोडलं की त्या वयात पुढचं सगळंच अवघड होऊन बसतं.

दुसरी वही: शुगरची

पहिली गोष्ट वाचून तुमच्या मनात येईल, "म्हणजे विचित्र आकडा दिसला की खोडून टाकायचा!" थांबा. ही दुसरी वही त्यासाठीच आहे.

आजी ७३ वर्षांच्या, रात्री इन्सुलिन घेतात. सून मोठ्या काळजीने रोज नाश्त्याआधी ग्लुकोमीटरवर शुगर बघते आणि लिहिते. त्या आठवड्याचे सहा आकडे वहीत होते:

१४२, १५०, १३८, १४६, १४४, १३८

सरासरी १४३. मी म्हणणार होतो, "छान चाललंय, हेच चालू ठेवा." पण पाचव्या दिवशी एक आकडा लिहून त्यावर आडवी रेघ मारलेली होती. रेघेखाली ५२ दिसत होतं.

मी विचारलं. सून म्हणाली, "त्या दिवशी मशीन चुकलं असणार. रोज दीडशेच्या आसपास येते, मग एकदम बावन्न कशी येईल? म्हणून खोडलं."

"त्या दिवशी किती वाजता बघितली होती?"

"पहाटे साडेचारला. आईंना घाम फुटून जाग आली होती. हातपाय थरथरत होते. मी साखरपाणी दिलं, मग बरं वाटलं."

हे मशीनचं चुकणं नव्हतं. शुगर ७० च्या खाली गेली की ती कमी समजतात आणि ५४ च्या खाली ती गंभीर कमी असते. घाम, थरथर, साखर घेतल्यावर आराम, हे सगळं ५२ शी जुळत होतं. झोपेत अशी शुगर उतरली आणि जागच आली नाही, तर माणूस बेशुद्ध होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. सुनेने साखरपाणी दिलं हे अगदी योग्य केलं. आकडा खोडला हे मात्र चुकलं. मी आजींचं रात्रीचं इन्सुलिन कमी केलं. त्या आठवड्यातला कामाचा आकडा तो एकच होता, आणि तोच रेघेखाली गेला होता.

आता ५२ परत मिळवून सरासरी काढा. बेरीज ९१०, भागिले ७, म्हणजे १३०. लक्षात आलं का? सगळ्यांत धोकादायक आकडा आत घेतल्यावर सरासरी आणखी 'चांगली' दिसायला लागली! १४३ ची १३० झाली. नुसती सरासरी बघणारा डॉक्टर म्हणाला असता, वा, सुधारणा आहे.

आणि मध्यक? १४२. त्याला ५२ चा पत्ताच नाही. काकांच्या वहीत शहाणा ठरलेला मध्यक आजींच्या वहीत बहिरा ठरला. 'सरासरी फसवी असते, मध्यक बघा' एवढाच सल्ला बरेच जण देतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. आउटलायरचा मध्यकावर परिणाम होत नाही हा त्याचा गुण खरा, पण तो आउटलायरच आजार असेल तेव्हा हाच गुण दोष होतो.

हीच अडचण एचबीए१सी या तपासणीची आहे. ती साधारण मागच्या तीन महिन्यांच्या शुगरचा सरासरी अंदाज देते. ७ टक्के आलं तर सरासरी शुगर अंदाजे १५४. तपासणी उत्तम आहे, जरूर करावी. पण एक जण दिवसभर दीडशेच्या आगेमागे असेल आणि दुसरा ५० ते ३०० असे झोके घेत असेल, तरी दोघांचाही रिपोर्ट ७ येऊ शकतो. म्हणून रिपोर्ट असला तरी मी वही मागतो.

सरासरी मग टाकाऊ आहे का?

मुळीच नाही. प्रश्न कोणता विचारलाय त्यावर ते ठरतं. एक उदाहरण मनात धरू. एका ऑपरेशननंतर दहा पेशंट किती दिवस ॲडमिट राहिले?

२, २, ३, ३, ३, ३, ४, ४, ५, ३१

नऊ जण पाच दिवसांच्या आत घरी गेले. एकाच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला, तो महिनाभर राहिला. बेरीज ६०, सरासरी ६ दिवस. मध्यक ३ दिवस.

नातेवाईक विचारतात, "किती दिवस लागतील, डॉक्टर?" त्यांना '६ दिवस' सांगणं बरोबर नाही, कारण सहाव्या दिवशी कुणीच घरी गेलं नव्हतं. खरं उत्तर असं: "दहापैकी सहा जण तिसऱ्या दिवसापर्यंत जातात, बहुतेक सगळे पाचपर्यंत. पण क्वचित एखाद्याला महिनाही लागतो." हे उत्तर लांब आहे, पण त्यात मध्यकही आहे आणि आउटलायरही आहे.

पण हॉस्पिटलमध्ये खाटांचं नियोजन करणाऱ्याला विचारा. दहा पेशंटसाठी एकूण ६० दिवसांच्या खाटा लागल्या. त्याने मध्यक धरून ३० दिवसांचीच तयारी केली, तर निम्मे पेशंट व्हरांड्यात झोपतील. त्याला सरासरीच हवी. औषधांची खरेदी, नर्सच्या पाळ्या, विम्याचा हप्ता, जिथे एकूण बेरीज भागवायची असते तिथे सरासरी कामाची असते. एका माणसाचं काय होईल असं विचारायचं असेल, तर ती कच्ची पडते.

"माझ्याकडे किती दिवस आहेत?"

हा प्रश्न कर्करोगाचा पेशंट विचारतो तेव्हा हा फरक सगळ्यांत जास्त बोचतो. स्टीफन जे गूल्ड हे अमेरिकेतले नामवंत जीवाश्मशास्त्रज्ञ. १९८२ मध्ये त्यांना पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा दुर्मिळ कर्करोग झाल्याचं कळलं. त्यांनी वैद्यकीय साहित्य वाचलं, तर त्यात लिहिलं होतं की या आजारात जगण्याचा मध्यक आठ महिने.

बहुतेक माणसं याचा अर्थ 'मी आठ महिन्यांत जाणार' असा घेतील. गूल्ड यांचं आयुष्य आकडे आणि विविधता अभ्यासण्यात गेलं होतं. त्यांनी स्वतःला वेगळा प्रश्न विचारला. मध्यक आठ महिने म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगतात. मग ते किती जास्त जगतात? खालच्या बाजूला जागा कमी असते, शून्यापेक्षा कमी कुणी जगू शकत नाही. वरच्या बाजूला मात्र शेपूट लांबवर पसरू शकतं. आपलं वय कमी, आजार लवकर सापडलेला, उपचार चांगले मिळणार, म्हणजे आपण त्या लांब शेपटीत असण्याची शक्यता बरी आहे, असा हिशेब त्यांनी मांडला. १९८५ मध्ये त्यांनी यावर एक लेख लिहिला, तो आजही डॉक्टर आपल्या पेशंटना वाचायला देतात. गूल्ड निदानानंतर वीस वर्षं जगले आणि २००२ मध्ये वेगळ्याच कर्करोगाने गेले.

याचा अर्थ प्रत्येक जण वीस वर्षं जगेल असा मुळीच नाही. खोटी आशा देणं हे खोटी भीती घालण्याइतकंच वाईट. पण एकच आकडा सांगून दार लावून घेण्याचा डॉक्टरला अधिकार नाही. मध्यक सांगा, त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं कशी पसरलेली आहेत तेही सांगा.

सरासरीत हरवणारं मूल

एक शेवटचं उदाहरण, कारण इथे चूक करणं फार महाग पडतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचं कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजतात. त्याची रंगीत पट्टी असते: १२.५ सेंटिमीटरच्या वर हिरवा, ११.५ ते १२.५ पिवळा, ११.५ च्या खाली लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, त्या मुलाला ताबडतोब उपचार हवेत.

समजा एका वस्तीवर दहा मुलं मोजली. नऊ जणांचा घेर १४.४ च्या आसपास, एकाचा ११. सरासरी १४ च्या वर, म्हणजे सगळी वस्ती हिरवी! अहवालात तेवढीच सरासरी गेली तर ते दहावं मूल कागदावर उरतच नाही. इथे आउटलायर म्हणजे चूक नव्हे, आपण ज्याला शोधायला निघालो होतो तेच मूल ते.

आणि कधीकधी चूकही असते. १२.५ किलो वजनातलं टिंब राहून १२५ लिहिलं जातं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या मोजमापात अशक्य वाटणारे आकडे वेगळे काढण्याच्या मर्यादा आधीच ठरवून दिलेल्या आहेत. यातला 'आधीच' हा शब्द महत्त्वाचा आहे.

माझं म्हणणं

बीपी घरी मोजण्याच्या रूढ पद्धतीत पहिल्या दिवसाची सगळी रीडिंग सोडून द्यायला सांगतात. म्हणजे आकडे टाकायला शास्त्राची हरकत नाही. पण तो नियम आकडे येण्याआधी ठरलेला असतो आणि सगळ्यांना सारखा लागतो. आपण करतो ते वेगळं. आकडा आल्यावर तो आवडला नाही म्हणून खोडतो. जास्त आला की मशीन बिघडलं, कमी आला की मशीन चांगलं! अशाने वही स्वच्छ दिसते आणि निरुपयोगी होते.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे:

१. मोजलेला प्रत्येक आकडा लिहा. रेघ मारू नका. शंका असेल तर शेजारी कारण लिहा: जिना चढून आलो, रात्रभर झोप नव्हती, भांडण झालं, घाम फुटला होता. तारखेबरोबर वेळही लिहा.

२. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट नको. लघवीला जाऊन या. पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलू नका. एक मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग घ्या, सकाळी आणि संध्याकाळी, शक्यतो सात दिवस. आकडे जास्त असले की एका वेड्या आकड्याची सरासरीवरची पकड आपोआप सैल होते.

३. विचित्र आकडा आला की पाच मिनिटांनी शांत बसून पुन्हा मोजा आणि दोन्ही लिहा. शुगर जास्त आली तर हात धुऊन, पुसून पुन्हा बघा, बोटाला लागलेल्या गोडाने आकडा फुगतो. शुगर ७० च्या खाली असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना कळवा. पेशंट बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

४. बीपी १८० च्या पुढे किंवा खालचं १२० च्या पुढे असेल, आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, नजर अंधुक होणं यांपैकी काही असेल, तर सरासरीची वाट बघत बसू नका. ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

५. काही मशीन शेवटच्या तीन रीडिंगची सरासरी स्वतःच दाखवतात. सोय चांगली आहे, पण वहीत मूळ आकडे लिहा.

६. डॉक्टरांनी नुसती सरासरी काढून औषध बदललं, तर न लाजता विचारा: "यातला हा एक आकडा वेगळा का आला असेल?" मला असं विचारलं तर राग येणार नाही. मी स्वतः काकांच्या वेळी पेन उचललं होतं, हे वर लिहिलंच आहे. मात्र या लेखावरून स्वतःच गोळ्या कमीजास्त करू नका.

काका आजही वही आणतात. परवाच्या वहीत एका आकड्यासमोर त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'लाईट गेली, लिफ्ट नाही, जिना चढून.' आणि खाली पाच मिनिटांनंतरचं दुसरं रीडिंग. मला काही विचारावंच लागलं नाही.